हातोडीचा भत्ता

आमच्या घरात डॉक्टर दोन. एक माझी धाकटी जाऊ, ती कातडीची डॉक्टर. आणि दुसरी मी, मेंदूची. शिक्षण माझं तिच्यापेक्षा तीन वर्षं जास्त आणि कमाई तिची माझ्या चौपट. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणून मन मोकळं करावं, तर तीही सोय नाही, कारण बाई स्वभावाने गोड आहे. माझ्या दर वाढदिवसाला ती मला तोंडाला लावायचं महागडं मलम देते. मी तिला डोकेदुखीवर फुकट सल्ला देते.

सासूबाईंना हे कोडं कधीच सुटलं नाही.

"अगं, कातडीपेक्षा मेंदू मोठा ना?"

"हो."

"मग तुला पैसे कमी का?"

मी त्यांना अनेकदा समजावलं. वैद्यकीत पैसा हाताला मिळतो, डोक्याला नाही. जो कापतो, टोचतो, नळी घालतो, त्याचं बिल होतं. जो विचार करतो त्याला नमस्कार मिळतो. हृदयाचा डॉक्टर तासाभरात स्प्रिंग बसवून मोकळा होतो आणि रुग्ण चार दिवसांनी पेढ्यांचा नाही तर निदान फळांचा डबा घेऊन येतो. मी तासभर रुग्णाशी बोलते, त्याला चालवते, डोळे मिटून उभं राहायला लावते, जीभ बाहेर काढायला सांगते, रबरी हातोडीने गुडघे ठोकते, आणि एवढं सगळं करून बऱ्याचदा सांगते काय, तर औषध आहे, पण हे पूर्ण बरं होणार नाही. याचे पैसे कोण आनंदाने देईल? डोक्याचा फोटो काढायला लावला तर ते पैसे फोटोच्या यंत्रवाल्याला. आमच्या बॅचला मेंदूकडे वळलेले आम्ही तिघं होतो. त्यातला एक परदेशी गेला, एकीने औषध कंपनीत नोकरी धरली, आणि तिसरी मी.

"मग तूही काहीतरी कापत जा की," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

मी ज्या रुग्णालयात होते ते सरकारी, लोकांचं, म्हणजे कुणाचंच नाही अशातलं. माझी खोली पूर्वी चादरींची कोठी होती. एक खिडकी, एक टेबल, एक तपासायचा पलंग, आणि बाहेर लांबलचक व्हरांडा. खोलीबद्दल माझी कुरकुर होती, व्हरांड्याबद्दल नव्हती. रुग्ण व्हरांड्यातून चालत आला की माझं अर्धं काम झालेलं असे. पाय ओढतो का, वळताना अडखळतो का, एकच हात हलतो का, हे दारातून दिसायचं. आसपासच्या सगळ्या वस्त्यांमध्ये माझ्या विषयाचं दुसरं कुणी नव्हतं. नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. सगळे मला हातोडीवाल्या बाई म्हणत. नेमणूक कराराची, दर वर्षी नवी. पगार ठरलेला, तो वाढायचं नाव घेत नसे.

त्या खोलीत एके दिवशी शिवणवाली आली. तिशीची असेल. घरी बसून कपडे शिवायची. तक्रार अशी की संध्याकाळी सुई ओवता येत नाही, डोळे मिटतात, घास चावता चावता जबडा थकतो. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती, दोन साध्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती, आणि शेवटी मनाच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. घरात निदान आधीच झालं होतं: कामचुकार.

आली सकाळी, आणि सकाळी ती ठणठणीत होती. हातोडी ठोकली, सगळं बरोबर. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता हीही तेच म्हणणार.

"ताई, तुम्ही संध्याकाळी या," मी म्हटलं. "दिवसभर शिवण करा आणि दमून या."

"दमून?"

"हो. दमल्याशिवाय येऊच नका."

ती संध्याकाळी आली. मी तिला पलंगावर बसवून छताच्या पंख्याकडे एकटक बघायला सांगितलं. मिनिटभरात पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. मग मी कँटीनमधून बर्फ मागवला, रबरी हातमोज्यात भरला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने काढला. डावी पापणी वर गेली होती, उजवी तशीच खाली. नसांचा निरोप स्नायूला पोचता पोचता थकतो असा हा आजार असतो, आणि गारव्याने तो निरोप घटकाभर नीट पोचतो. मी तिच्या हातात आरसा दिला. ती स्वतःकडे बघत राहिली आणि रडायला लागली.

"म्हणजे मी आळशी नाही?"

"अजिबात नाही."

"हे घरी येऊन सांगाल?"

घरी गेले नाही, पण नवऱ्याला आणि सासूला बोलावून दोघांना सांगितलं. औषध सुरू झालं आणि ती पुन्हा संध्याकाळी शिवू लागली. मात्र या आजाराची गोळी एकदा देऊन भागत नाही. कमी झाली तर ताकद जाते, जास्त झाली तरी ताकद जाते. साध्या तापाला दिलेलं चुकीचं इंजेक्शन श्वास थांबवू शकतं. म्हणून दर महिन्याला तिला बघावं लागे, आणि तिच्यासारखे इतर कितीतरी होते. मला या लोकांचा लळा होता, हे सरळच सांगते. त्यांना सोडून जायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

पण लळ्यावर घर चालत नाही. माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच्या शाळेने पगार अर्धे केले, आणि त्याच महिन्यात गावाबाहेरच्या मोठ्या खाजगी रुग्णालयाचा मला फोन आला. पगार तिप्पट, वातानुकूलित खोली, वर दारावर नाव. नवरा म्हणाला, "तू ठरव." नवऱ्यांचं 'तू ठरव' कसं असतं ते बायकांना ठाऊक आहे. त्यात एक उसासा फुकट मिळतो.

करार संपत आला होता. मी आमच्या साहेबांना जाऊन सांगितलं की यंदा पगार वाढला नाही तर मला जावं लागेल. साहेब म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख. हाडाचे डॉक्टर, आणि तेही अगदी हाडाचे. आवाज असा की प्लास्टर ओलं असेल तर वाळावं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

"जाताय कुठे?" ते ओरडले. "तुम्ही गेलात तर ही फिटवाली पोरं, ही कंपवाली म्हातारी, मी काय यांना प्लास्टर घालू?" आणि त्यांनी हेडक्लार्कना हाक मारली. "भाऊसाहेब! नियमांत एखादी फट शोधा!"

भाऊसाहेबांनी फट शोधली. जे तज्ज्ञ रुग्णावर प्रक्रिया करतात, त्यांना वेगळा भत्ता मिळतो. नुसतं तपासणाऱ्याला नाही.

"बाई, तुम्ही प्रक्रिया काय काय करता?"

"पाठीच्या मणक्यातून पाणी काढते. महिन्यातून दोन-तीनदा."

"एवढ्याने नाही भागायचं. आणखी?"

"आणखी काय? हातोडीने ठोकते."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "कुणाला ठोकता?"

"सगळ्यांना."

"मग झाली की प्रक्रिया!"

साहेब टेबलावर हात आपटून हसले. "बरोबर आहे! मी हाड ठोकतो त्याचे पैसे मिळतात, मग या गुडघा ठोकतात त्याचे का नाही? लिहा!" मग मला बर्फ आठवला. तोही लिहिला. कानाजवळ नादकाटा वाजवून ऐकू येतं का बघते, तेही लिहिलं. तिघंही शाळेतल्या पोरांसारखे हसत होतो. खोटं काहीच नव्हतं त्यात. प्रत्येक गोष्ट मी खरंच करत होते. साहेबांनी सही केली आणि महिन्याचा तक्ता मुख्य कार्यालयाला गेला. पुढच्या महिन्यांतही तसाच जात राहिला.

भत्ता मंजूर झाला. खाजगी रुग्णालयाएवढा नाही, पण घर चालण्याएवढा. मी त्या रुग्णालयाला नकार कळवला. नवऱ्याचा उसासा बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "शेवटी कापायला लागलीस वाटतं!"

"नाही हो, ठोकण्याचेच पैसे मिळाले," मी म्हटलं. त्या दिवसांत मी व्हरांड्यातून गुणगुणत चालायचे.

मग अभिनंदनाचं पत्र आलं. मुख्य कार्यालयाकडून, साहेबांच्या नावे. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा आवाज इतका हळू होता की मला वाटलं, कुणी गेलं की काय. पत्रात लिहिलं होतं की आपल्या रुग्णालयाने या वर्षी मेंदूच्या दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, त्यांत एकही मृत्यू झाला नाही, आणि ही कामगिरी अन्य रुग्णालयांना अनुकरणीय आहे.

आमच्या रुग्णालयात आजवर कुणाची कवटी उघडलेली नाही. आमच्या शस्त्रक्रियागृहात हर्निया होतात, बाळंतपणं होतात आणि साहेबांची हाडं होतात.

भाऊसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, त्यांच्या वार्षिक तक्त्यात रकाने दोनच. एक तपासणी, एक शस्त्रक्रिया. प्रक्रियेला रकानाच नाही. कुणीतरी आपली प्रक्रिया उचलून शस्त्रक्रियेत टाकली."

"म्हणजे मी गुडघा ठोकला ती—"

"ती मेंदूची शस्त्रक्रिया."

आम्ही हसलो. काय करणार, हसू आलंच. मृत्यू शून्य का, तर हातोडी लागून कोण मरणार! साहेब म्हणाले, "चला, मी निवृत्त व्हायच्या आधी जगप्रसिद्ध तरी झालो." कळवायला हवं असं तिघांनाही वाटलं, आणि अभिनंदनाच्या पत्राला कुणी उत्तर देतं का, असंही तिघांना वाटलं. पत्र फायलीत गेलं.

दोन आठवड्यांनी आदेश आला. ज्या रुग्णालयात मेंदूच्या एवढ्या शस्त्रक्रिया होतात, तिथे मेंदूचा शल्यविशारद नसणं ही गंभीर त्रुटी आहे. सबब, मेंदूविकारतज्ज्ञाची कंत्राटी जागा रद्द करून तिचं मेंदूच्या शल्यविशारदाच्या कायम जागेत रूपांतर करण्यात येत आहे. सध्याच्या तज्ज्ञांची मुदत महिनाअखेर संपेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खुर्चीत बसून तो कागद वाचला आणि मला आधी काही कळलंच नाही. माझी जागा गेली, कारण माझं काम फार चांगलं चाललं होतं. आणि ते काम मी केलेलंच नव्हतं.

मी मुख्य कार्यालयात गेले. अधिकारी वयाने माझ्याहून लहान आणि अतिशय सभ्य. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, पाणी मागवलं.

"मॅडम, आम्ही तर तुमच्या रुग्णालयाला मोठं करतोय. शल्यविशारदाचा पगार बघा, तुमच्या चौपट आहे."

"पण तो येणार आहे का? एवढ्या पगारात त्यांच्यातलं कुणी येत नाही. बाहेर त्यांना दहापट मिळतं. जागा रिकामी राहील आणि रुग्णांना कुणीच उरणार नाही."

"जाहिरात देऊ ना आपण."

"साहेब, त्या शस्त्रक्रिया नव्हत्याच. मी गुडघे तपासत होते."

ते थांबले. मग खूप मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, असं लेखी देऊ नका. शस्त्रक्रिया झाल्या नसतील, तर तुमच्या साहेबांनी सही कशावर केली? तुम्ही भत्ता कशाचा घेतलात? मला चौकशी लावावी लागेल. आणि चौकशी लागली तरी जागा परत येणार नाही. एकदा बदललेली जागा पुन्हा बदलायला तीन खात्यांची मंजुरी लागते."

"मग मी काय करू?"

"नव्या जागेसाठी अर्ज करा की! तुमचा अनुभव एवढा आहे."

"त्याला शस्त्रक्रियेची पदवी लागते."

"मग घेऊन टाका. वय आहे अजून तुमचं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या माणसाने माझं काही वाईट केलं नव्हतं. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि मी 'थँक्यू' म्हणून बाहेर आले.

परत आले तेव्हा साहेब व्हरांड्यातच उभे होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पत्र मी तयार करतो." आणि खरंच त्यांनी लिहायला घेतलं. मी बघत होते. मोठमोठी हाडं सरळ केलेला तो हात. भाऊसाहेब दारात उभं राहून मला मानेने नको नको म्हणत होते. मग न राहवून बोललेच, "साहेब, पेन्शन अडकेल. घरी वहिनींचं डायलिसिस चालू आहे. आणि बाईंची जागा काही येणार नाही."

साहेबांचा पेन थांबला. ते माझ्याकडे बघत होते. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी सही केली असती, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "राहू दे साहेब." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

घरी मी सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले. दुसरं काय होणार! खाजगी रुग्णालयाने पुन्हा बोलावलं, आणि 'मेंदूच्या दोनशे शस्त्रक्रिया' ही बातमी त्यांच्याही कानावर गेली होती, त्यामुळे पगार तिप्पटीवरून चौपट झाला. मी मालकांना खरं काय ते सांगितलं. ते हसून म्हणाले, "असू द्या हो मॅडम. तुम्ही रुग्ण आणा, कापायला आमच्याकडे माणूस आहे." जाऊबाईंनी फुलं पाठवली. दिरांनी फोन केला, "वहिनी, अखेर मेंदूला भाव आला!" सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि त्यांना रडू आलं. त्या सगळ्यांना माझ्यासाठी इतका आनंद झाला होता की मला माझ्याच घरात उपऱ्यासारखं वाटत होतं.

शेवटचा दिवस माझ्या नेहमीच्या तपासणीचा होता. मी प्रत्येकाला सांगत होते की पुढच्या महिन्यापासून मी नाही. फिट येणाऱ्या मुलाच्या आईने विचारलं, "मग आम्ही कुणाला दाखवायचं?" मी एक नाव सांगितलं, सात तासांच्या अंतरावरचं. ती मान हलवून गेली. जाणार नाही, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. माझ्या विषयात पाठीवरूनही बरंच कळतं, त्याचा उपयोग मात्र काही नसतो.

संध्याकाळी, सगळे गेल्यावर, शिवणवाली आली. ती नेहमी शेवटीच यायची, दमून. हातात कापडाची पिशवी. मी तिला बसवलं, ताकद बघितली, एका श्वासात आकडे मोजायला लावले. चेहरा तेवढा दिवसाअखेर थकलेला, बाकी सगळं उत्तम होतं. मग मी तिला सांगायला लागले की कुठली इंजेक्शनं घ्यायची नाहीत, ताप आला तर आधी काय सांगायचं, धाप लागली तर एक क्षण थांबायचं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पगार वाढला ना तुमचा?"

"कुणी सांगितलं?"

"भाऊसाहेबांनी. चौपट झाला म्हणाले." तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मी देवाला रोज तेच मागत होते. मागच्या वर्षी बाहेर बाकावर बसले होते ना, तेव्हा ऐकलं, पगार वाढला नाही तर बाई जाणार. तेव्हापासून रोज. स्वतःसाठी काही नाही मागितलं. म्हटलं, आधी बाईंचा पगार."

 भाऊसाहेबांनी तिला अर्धीच बातमी दिली होती. मी एवढा वेळ तिला इंजेक्शनांची नावं सांगत होते, ती तिला नेहमीची काळजी वाटली होती.

"ताई," मी म्हटलं, "पगार वाढला, पण इथे नाही. मी उद्यापासून इथे नसेन."

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मग इथे कोण?"

"ऑपरेशनवाले डॉक्टर येणार आहेत."

"ते माझं ऑपरेशन करतील?"

"नाही. तुमचं जे आहे ते त्यांचं काम नाही."

"आणि तुम्ही जाताय तिथे तपासायचे किती घेतात?"

मी आकडा सांगितला. मी म्हटलं की तुम्ही या, मी बघते, मी बोलते त्यांच्याशी. मालक काय म्हणतील ते मला माहीत होतं, तरी म्हटलं. तिने मान हलवली, त्या मुलाच्या आईसारखीच.

मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. आत माझ्यासाठी शिवलेला पांढरा कोट होता. माझ्या मापाचा, कॉलरला बारीक दुहेरी टीप. पगार वाढल्याच्या आनंदात तिने तो शिवला होता, संध्याकाळी बसून.

"घालून बघा," ती म्हणाली. "इथे नाही तर तिथे घाला."

मी घातला. तो अगदी बरोबर बसला. ती माझ्याकडे बघून हसली, असं मला वाटलं. पण या आजारात दिवसाअखेर ओठांचे कोपरे वर जात नाहीत; हसू आलं तरी चेहरा रडल्यासारखाच दिसतो. मी तिच्या समोर उभी राहून बघत होते, आणि ती हसतेय की रडतेय, ते मला, मेंदूच्या डॉक्टरला, ओळखता आलं नाही.